उशीला टाचलेली बाही

सोलापूर
श्रावण वद्य १०, शके १८५१

चिरंजीव एकनाथ यास गंगाधराचे अनेक उत्तम आशीर्वाद. उभयपक्षी कुशल असे लिहिण्याचा परिपाठ आहे. तिकडचे तू जाण. इकडचे वाच आणि मग ठरव.

चि. मालती परवा दुपारी प्रसूत झाली. मुलगा झाला. मूल थोराड, डोके बाहेर आले आणि खांदा अडला. चंद्रव्वा सुईण होती, जिने या गल्लीतली निम्मी प्रजा जगात आणली तीच. तिने डोके धरून ओढ दिली. तुझी वहिनी म्हणते, ओढले नसते तर दोन्ही जीव हातचे गेले असते. मी ओटीवर बसून नामस्मरण करीत होतो, तेव्हा श्रेय देवाला द्यावे की सुइणीला, याबद्दल माझी साक्ष निरुपयोगी आहे.

आता मुख्य. मुलाचा उजवा हात हलत नाही. बोटे मिटतात, माझे बोट धरले तर सोडत नाही. पण खांदा उचलत नाही आणि कोपर वाकत नाही. हात अंगाशी लोंबतो आणि तळवा मागे वळलेला. कोर्टातले ते जुने शिरस्तेदार तुला आठवतील: तोंडाने कायदा सांगायचे आणि तळवा पाठीमागे उघडा ठेवायचे. हुबेहूब तसा. जन्मल्या दिवशीच लाच मागणारा आपल्या कुळातला हा पहिला.

हे लिहून हसलो, आणि मग हसू तोंडातच राहिले. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे हा माहेरचा मान. त्यात काही बिघडले तर दोष माहेरचा, हा लोकांनी वर दिलेला आहेर. दुधनीचे व्याही आबासाहेब कुळकर्णी तुला ठाऊकच आहेत. अडतीचे दुकान, दोन भाषांतला राग, आणि देवळातल्या अभिषेकाचा मान थोरल्या मुलाकडे पिढ्यान् पिढ्या. अभिषेक डाव्या हाताने होत नाही. बारशाला ती मंडळी येतील, तेव्हा हात झाकायचा किती आणि कसा, याची बायकांत कुजबुज चालली आहे.

तू डॉक्टर आहेस. मला धीर देऊ नकोस. तो मी स्वतःला संस्कृतातून देऊ शकतो. हात येईल की नाही, एवढेच लिही. लोभ आहे तो दोघांनाही माहीत आहे. तो कागदावर मोजण्यापेक्षा उलट टपाली उत्तर धाड.

गंगाधर

मिरज
भाद्रपद शुद्ध १

तीर्थरूप दादांचे चरणी एकनाथाचे शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्र पावले. अशी मुले मी पाहिली आहेत. हाड मोडलेले नाही, सांधा निखळलेला नाही. मानेतून हाताकडे मज्जातंतू जातात, लोक ज्यांना शिरा म्हणतात ते. डोके एकीकडे आणि अडकलेला खांदा दुसरीकडे, अशी ओढ बसली की ते ताणले जातात.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी तेलंगी विणकर रस्त्यावर ताणा लावीत असत, आठवते? ते सावकाश ओढून खुंटीला बांधत तेव्हा एक धागा तुटत नसे. मी धावत जाऊन त्यात अडकलो की तटातट तुटत, आणि मग मला तेलुगूत शिव्या बसत. मज्जातंतूचेही तसेच आहे. थोडा सैलपणा त्याच्या अंगी असतो, तेवढी ओढ तो सोसतो आणि पूर्ववत होतो. ओढ त्याहून जास्त किंवा हिसक्याने बसली की आत इजा होते, आणि ती बाहेरून दिसत नाही. पायजम्याच्या नेफ्यात नाडी असते ना, तसे समजावे. कधी नाडी नुसती ओढाताणीने मुकी होते. ती काही आठवड्यांत जागी होते. कधी नेफा शाबूत राहतो आणि आत नाडी तुटते. मग त्याच नेफ्यातून नवी नाडी वाढत जाते, पण महिन्याला बोटाच्या पेराएवढी. आणि कधी सगळेच मुळापासून उपटते. मग काही उरत नाही.

यातले काय झाले ते आज कोणालाही सांगता येणार नाही. बोटे हलतात हे चांगले. तीन-चार महिन्यांत कोपर स्वतःहून वाकू लागले तर आशा धरावी.

तोवर करायचे ते इतकेच. अंगीची उजवी बाही डोक्याशेजारी उशीला पिनेने टाचून ठेवा, म्हणजे हात वर राहील आणि लोंबून शिरांना आणखी ओढ बसणार नाही. न्हाऊ घालताना हातपाय उलटसुलट ओढून कात्री करतात ती बंद. हाताने उचलणे बंद. कोणी मोठा जाणता आला तरी खेचणे बंद. नवी फुटलेली नाडी सगळ्यांत नाजूक. एका हिसक्याने ती जाईल आणि मग मला विचारू नका.

चंद्रव्वेला दोष देऊ नये. तिने योग्य केले. वहिनींस नमस्कार, मालतीस आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ आहे तसाच वाढता ठेवावा, रागावण्याइतपत तरी.

आपला एकनाथ

सोलापूर
मार्गशीर्ष शुद्ध ७

चि. एकनाथ यास अ. उ. आशीर्वाद.

तुझे औषध चालू आहे. बाळाचे नाव दुधनीकरांनी महिपती ठेवले. पृथ्वीचा धनी उशीला टाचून पडलेला असतो, हात वर. माझ्या वर्गात इतक्या वर्षांत शंका विचारायला कोणी हात वर केला नाही. हा एक निघाला, तोही पिनेच्या जोरावर. कात्री बंद म्हटल्यावर चंद्रव्वा संतापली. म्हणाली, यप्पा, मग पोराला न्हाऊ घालू की शाळिग्रामावर घालतात तसे पळीभर पाणी घालू? त्यावरून दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, आणि त्या हाताला तेल लावताना तिचा हात मी कधी पाहिला नव्हता इतका हलका झाला होता.

काल आबासाहेब आले. बरोबर आपला जावई शेषगिरी, आणि कोंडीबा म्हणून हाड बसवणारा. त्यांच्या बाजूला त्याची ख्याती मोठी. म्हणे बैलांपासून मामलेदारांपर्यंत सर्वांचे सांधे त्याने जागेवर आणले. त्याने मुलाचा खांदा चाचपला आणि सांगितले की सांधा उतरलाय, एक झटका दिला की पोरगं उद्या हातानं भाकरी मागंल. मी तुझे पत्र काढून नेफा आणि नाडी वाचू लागलो. आबासाहेब म्हणाले, शास्त्रीबुवा, कागदाने हाड बसत असते तर तुमच्या घरात एवढे कागद असून पोराचा हात का लोंबला असता? उत्तर बिनतोड होते. ते पुढे म्हणाले की हात आज बसला तर सून आणि नातू दोघांना आजच्याच गाडीने नेतो. नाही बसला तर लुळा वारस घेऊन देवळात उभे राहण्याची त्यांची तयारी नाही.

एकनाथ, तुला खरे सांगतो, मी तुझे पत्र घडी घालून खिशात ठेवले. एका बाजूला मुलीचा संसार होता, दुसऱ्या बाजूला तुझे पत्र. असा वाद सोडवायला मला कोणी शिकवले नव्हते. तुझी वहिनी यशोदा चहा करायला म्हणून आत गेली, ती बाहेरच येईना.

मालती आली. मूल तिने आत आपल्या आईकडे नेऊन दिले आणि पदर खोचून कोंडीबापुढे पाटावर बसली. आपला उजवा हात त्याच्यापुढे धरून म्हणाली, दादा, आधी हा ओढा. बाळाला जितका झटका देणार तितक्याच हिशेबाने, माझ्या वजनाला लागेल तेवढा. उद्या माझा हात चालला तर बाळ तुमचे. कोंडीबाने तिच्याकडे पाहिले, मग आबासाहेबांकडे, आणि तेलाची बाटली धोतराच्या सोग्यात बांधली. म्हणाला, आई नको म्हणती तितं मी हात लावत न्हाय.

शेषगिरी या सर्व वेळात जिन्याशी उभा राहून घड्याळाला किल्ली देत होता. इतकी किल्ली दिल्यावर ते घड्याळ तुटले कसे नाही, याचे मला नवल वाटते.

जाताना आबासाहेब उंबऱ्यात थांबले. म्हणाले, हात वर गेला की कळवा. तोवर दोघांनाही ठेवून घ्या.

लोभ राहू द्यावा. सध्या घरात दुसरे काही शिल्लक नाही.

गंगाधर

सोलापूर
मार्गशीर्ष शुद्ध ९

तीर्थरूप काकांस मालतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

अप्पांनी लिहिलेच आहे. त्यांनी जे लिहिले नाही ते त्यांना ठाऊक नव्हते. दुधनीची मंडळी आली त्या दिवशी सकाळी बाही बदलायला मी पिन काढली, तेव्हा बाळाचे कोपर वाकले. अगदी किंचित, झोपेत माशी हाकलावी तसे. पांघरुणाने हलले असेल असे वाटून मी पुन्हा वाट पाहिली, पण पुन्हा काही झाले नाही. म्हणून मामंजींसमोर बोलले नाही. बोलले असते आणि वाकले नसते, तर खोटी ठरले असते.

काका, मी बरोबर केले ना? आई म्हणते, एका झटक्याने तुझे घर राहिले असते. रात्रंदिवस तेच म्हणते, रागाने नव्हे, रडून. तुम्ही हो लिहिलेत तर मी पुन्हा विचारणार नाही. नाही लिहिलेत तरी चालेल, पण खरे लिहा.

यांनी जाताना बाळाकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले असावे असे वाटते.

आपली माया अशीच असू द्यावी. मागणाऱ्यांत मी आता पुढे आहे.

मालती

मिरज
मार्गशीर्ष शुद्ध १२

चि. मालती हिस अनेक आशीर्वाद.

हो. पूर्ण बरोबर केलेस. कोपर हलले म्हणजे नाडी वाढते आहे. त्या दिवशीचा झटका तिला बसला असता तर ती पुन्हा फुटली नसती. हे पत्र आईला वाचून दाखव. घराबद्दल माझ्याजवळ औषध नाही.

एकनाथ

सोलापूर
फाल्गुन वद्य ५

चि. एकनाथ यास अ. उ. आशीर्वाद.

महिपतीचे कोपर वाकते. हात तोंडाशी नेण्याच्या प्रयत्नात तो हनुवटीवर ठोसा मारून घेतो आणि आपल्यालाच कोणी मारले म्हणून रडतो. बाही आता टाचावी लागत नाही.

दुसरी बातमी. चि. शेषगिरी याचा द्वितीय विवाह काल झाला. वधूपक्ष इथलाच, नव्या पेठेतला. पाडव्यानंतर मुलींच्या लग्नाच्या वयाचा नवा कायदा लागू होणार म्हणून गावात मुहूर्तांना ऊत आला आहे. त्या ऊतात हेही शिजले. मुलगी परकरी आहे. वरातीत तिला झोप आली आणि मामाने खांद्यावर घेतले असे सांगतात. आम्हांला हळदकुंकू लावलेली पत्रिका टपालाने आली, वर मला तीर्थस्वरूप म्हटले होते. व्याकरणात चूक नव्हती.

वाजंत्री आमच्या गल्लीवरून गेली. मालती उठली तेव्हा मला वाटले, आता हिला सांभाळावे लागेल. तिने खिडकी लावली. मूल नुकते निजले होते. तुझ्या वहिनीने मात्र दिवसभर तांदूळ निवडले, एकच सुपभर.

मालती सौभाग्यवती आहेच. सौभाग्याची वाटणी झाली, एवढेच. तू लोभ वाटून देऊ नकोस, अखंड पाठव.

गंगाधर

सोलापूर
कार्तिक शुद्ध ३, शके १८५२

चि. एकनाथ यास अ. उ. आशीर्वाद.

उन्हाळ्यात गावात लष्करी कायदा होता आणि पत्रे फोडून वाचत, म्हणून घरचे काही लिहिले नाही. आपली गोष्ट सरकारने वाचावी इतकी मोठी नाही, आणि टपालातल्या कारकुनाने वाचावी इतकी लहानही नाही.

दसऱ्याला मी महिपतीला कडेवर घेऊन देव्हाऱ्यासमोर उभा होतो. त्याने उजवा हात उचलला, खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, आणि माझी पगडी ओढून खाली टाकली. यशोदेने देवापुढे साखर ठेवली. मालती हसली, वर्षात पहिल्यांदा. मग ती एकदम थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. मलाही तेच आठवले होते: हात वर गेला की कळवा.

मी वकिलाला भेटलो. तो म्हणाला, मुलगा बापाचा. बापाने मागितला तर आज ना उद्या द्यावा लागेल. आईचे काय, असे मी विचारले. तो म्हणाला, आईला नेण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. नवी सून अजून बाहुल्यांशी खेळते, दुधनीला दुसरा वारस यायला वर्षे जातील. चांगल्या हाताचा नातू त्यांना हवाच आहे. पांगळ्याची आईसुद्धा त्यांना नको होती.

परवा आबासाहेब पेढे घेऊन आले. निरोप आदल्या दिवशी आला होता. सकाळी मालतीने महिपतीला पोटभर भरवून निजवले, जुनी लांब बाह्यांची अंगी घातली आणि उजवी बाही उशीला टाचली. मी पाहिले आणि ओटीवर जाऊन बसलो. तो जागा झाला. आबासाहेबांनी पेढा पुढे केला. एकनाथ, मला वाटले तो पिनेला हिसका देईल, रडेल, सगळे उघडे पडेल. त्याने एकदा बाहीकडे पाहिले आणि डाव्या हाताने पेढा घेतला. पिन त्याच्या ओळखीची होती. जन्मल्यापासून जी शिस्त लागली ती विसरला नव्हता.

आबासाहेबांनी मला विचारले, हात कितपत वर जातो? मी म्हणालो, होता तसाच आहे. शब्दशः पाहिले तर पिनेने वर होताच. पण तो बचाव मी देवापुढे मांडणार नाही. खोटे ते खोटे. तीस वर्षे मुलांना सत्याची सुभाषिते पाठ करवली. माझ्यावर विश्वास बसायला तेवढे पुरले.

तरी अडतीचा माणूस तो. म्हणाला, मिरजेच्या डॉक्टर भावाकडून लिहून आणा की आशा नाही. मग आम्ही नाद सोडू. तेव्हा हे पत्र. तुला काय लिहायला सांगतो आहे ते तू समजलास. समजला नाहीस असे लिहिलेस तरी मी रागावणार नाही.

गंगाधर

मिरज
कार्तिक शुद्ध ८

तीर्थरूप दादांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

दुधनीस आज पत्र टाकले. त्यातला मजकूर आपणांस ठाऊक असावा म्हणून उतरून देतो.

राजमान्य राजेश्री आबासाहेब यांसी नमस्कार. चि. महिपतीच्या हाताविषयी विचारणा झाली असे कळले. जन्माच्या वेळी बसलेल्या ओढीने मानेतले मज्जातंतू ताणले गेले. ओढ थोडी असती तर ते आपोआप सुधारले असते. बाहेरचे वेष्टन राहून आतले सूत तुटले असते तरी काळाने नवे वाढले असते. परंतु येथे मुळेच पाठीच्या कण्यापासून उपटली आहेत. अशा हाताला पुन्हा बळ येत नाही. वाढीबरोबर तो बारीक होत जातो. मसाज, शेक, हाड बसवणे यांचा उपयोग नाही. आपल्या घराण्यावर आलेल्या या प्रसंगाचे मलाही दुःख आहे. कळावे.

दादा, यातले प्रत्येक वाक्य खरे आहे, फक्त मूल दुसरे. कुंडलिक म्हणून इथल्या एका विडीवाल्याचा मुलगा गेल्या वर्षी माझ्याकडे आणला होता, त्याचा हात हा. त्याच्या बापाला हेच सांगताना मला जड गेले होते. आबासाहेबांना लिहिताना लेखणी अडली नाही, याचे जास्त वाईट वाटते. सही मात्र स्वच्छ केली आहे.

लोभ असावा असे आज मागत नाही. आज तो आपल्याच हवाली आहे.

एकनाथ

सोलापूर
मार्गशीर्ष शुद्ध २

चि. एकनाथ यास अ. उ. आशीर्वाद.

दुधनीचे उत्तर आले. आबासाहेबांनी दुःख व्यक्त केले आहे, नातवासाठी चांदीची वाटी पाठवली आहे, आणि कोंडीबाने अजून एकदा ओढून पाहायला काय हरकत होती असे शेवटी लिहिले आहे. नाद सोडला. आपण जिंकलो, असे म्हणण्याची पद्धत आहे.

महिपती दोन्ही हातांनी घर उपसतो. आता बोलेल. बोलू लागला की पहिला पाठ कोणता द्यायचा हे मी ठरवून ठेवले आहे: दुधनीहून कोणी आले की कोणता हात पुढे करायचा. पाठ देणारा शाळेतला संस्कृतचा मास्तर. पुढे मुंज करावी लागेल. मुंजीला चारचौघांत उजवा हात लागणार, आणि उजवा हात दाखवला की मूल जाणार. याला शास्त्रात तोड शोधतो आहे. सापडेल, आपल्या शास्त्रात काय सापडत नाही.

तू लिहिलेस त्याचे ओझे तू एकट्याने वाहू नकोस. निम्मे इकडे आहे. लोभ जपून ठेव, ओढून पाहू नकोस.

गंगाधर

ता. क. तो नमस्कार करायला शिकला आहे. दिवेलागणीला मालती आधी दाराला कडी घालते, आणि मग त्याला हात जोड म्हणते.